‘आमच्यात हे चालत नाही’ म्हणणाऱ्या गावात विधवा प्रथेविरुद्ध ठराव कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. निम्म्या घरांत कानडी बोलतात, निम्म्या घरांत मराठी. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं आणि पुढे तिला हळदी-कुंकवाला न बोलावणं, हे सगळं बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीच्या एका तरुण सदस्याबाईंनी मांडायचं ठरवलं. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "आमच्यात हे चालत नाही." त्याहून अवघड म्हणजे ज्यांच्यासाठी ठराव, त्या बायकाच म्हणाल्या, "आम्हाला नको." मग समोरच्या गटानं त्याला राजकीय रंग दिला. आता बाई विचारतात, ही जुन्या विचारांची माणसं आहेत म्हणून त्यांच्याशी भांडायचं, की गाव तयार होईपर्यंत थांबायचं?

भांडणही नको आणि नुसतं थांबणंही नको. आधी हे शोधा की समोरचा माणूस विरोध करून नेमकं काय राखतोय. कोणी जमीन राखतो, कोणी मान, कोणी गट. एखादी म्हातारी तर आयुष्यभर सोसलेल्याचा अर्थच राखत असते. या प्रत्येकाला उत्तर वेगळं लागतं. सगळ्यांना एकच ‘सनातनी’ शिक्का मारला की जे चौघे आपल्या बाजूला आले असते तेही पलीकडे जाऊन बसतात.

ही चळवळ बाहेरून आलेली नाही, हे गावात पहिल्याच बैठकीत सांगा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी ‘माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथांची सक्ती करू नये’ असं प्रतिज्ञापत्र स्टँपपेपरवर केलं. त्याच प्रयत्नांतून कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. ते राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे मूळ माणूस आपल्याच जिल्ह्यातला. "पुण्या-मुंबईचं खूळ" या आक्षेपाला एवढं उत्तर पुरतं.

आता विरोधकांकडे एकेक करून बघू.

सगळ्यात आधी त्या वयस्कर बायका, ज्या स्वतः विधवा आहेत आणि तरी "नको" म्हणतात. त्यांच्यावर रागावू नका. चाळीस वर्षं पांढरं कपाळ घेऊन वावरलेल्या बाईला तुम्ही आज सांगता की याची गरजच नव्हती. मग तिनं जे सोसलं ते कशासाठी, हा प्रश्न तिच्या पोटात उठतो आणि तो तिला सहन होत नाही. शिवाय गावात तिला जो मान आहे तो ‘नीट राहिलेली बाई’ म्हणून आहे. तो मान तुमच्या ठरावानं जाईल असं तिला वाटतं. म्हणून तिच्याशी बोलताना "तुमच्यावर अन्याय झाला" इथून सुरुवात करू नका. "मावशी, तुमच्या नातीवर ही वेळ आली तर भर रडण्यात कोणी तिच्या हातावर दगड आपटून बांगडी फोडावी का?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. स्वतःसाठी काही न मागणारी बाई नातीसाठी बोलते. आणि तिला स्पष्ट सांगा की तिनं आज कुंकू लावावं असं कोणीही म्हणत नाही.

दुसरा विरोध भावकीचा, आणि बहुतेक गावांत खरा तिढा तिथेच असतो. विधवा प्रथा हा पूर्वी एक न लिहिलेला सौदा होता. बाईनं साज-शृंगार, सण, दुसरं लग्न हे सगळं सोडायचं. बदल्यात सासरचं छप्पर आणि भाकरी मिळायची. सौदा क्रूर होता, पण एकट्या बाईला दुसरा आधार नसलेल्या काळात तो टिकला तो याच कारणानं. तुम्ही प्रथा काढून घेता आणि छपराची सोय करत नाही, तेव्हा दीर म्हणतो, "मग तिनं तिचं बघावं." आणि बाई घाबरून प्रथेच्याच बाजूला उभी राहते. पुष्कळ ठराव या एकाच ठिकाणी बुडतात. म्हणून ठरावाच्या आधी, निदान ठरावाबरोबर, सातबारा हातात घ्या.

जमिनीचं साधं गणित असं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यात लिंगायतही येतात. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या वाट्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. बायको, दोन मुलं आणि सासू असतील तर चार सारखे भाग. सासूचं नाव लोक हमखास विसरतात, आणि तीच नंतर विरोधात जाते. बायकोला मिळालेला हिस्सा पूर्ण मालकीचा असतो. पुढे तिनं लग्न केलं तरी तो परत जात नाही. "उद्या दुसरं लग्न करून जमीन घेऊन जाईल" ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाला परवानगी देतानाच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला होता. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, पण त्यातली समजूत गावच्या डोक्यात अजून बसलेली आहे.

वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे अर्ज द्यायचा. हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत कळवावं असं जमीन महसूल संहिता सांगते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण नोंद रेंगाळते आणि रेंगाळलेल्या नोंदीवर दुसऱ्याची नजर जाते. अर्जानंतर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर करतात. मंजूर फेरफाराची प्रत बाईच्या हातात द्या, दिराच्या नको.

जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असेल तर प्रकरण वेगळं असतं. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्यातल्या नवऱ्याच्या हिश्श्यावर तिचा हक्क उभा राहतो, पण नुसत्या अर्जानं तो मिळत नाही. अशा वेळी तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक गोष्ट मात्र ठरावापेक्षाही आधी गावभर पसरवा: दिवसकार्य होईपर्यंत बाईनं कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये. हक्कसोडपत्राचा कागद नेमका त्याच दिवसांत पुढे येतो. घरात पाहुणे, डोक्यावर पदर, समोर मोठा दीर आणि "कारखान्याचं बिल निघायचंय, एवढी सही कर" असं वाक्य. ऊसबिलासाठी, सोसायटीच्या कर्जासाठी वगैरे हक्कसोडपत्र लागत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं नसेल तर जमिनीच्या हक्कसोडपत्राला कायद्यात किंमत नाही. नोंदवलं गेलं की मात्र ते उलटवायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

जोडीला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमधून भरून घ्या. २०२३ पासून त्याचे दरमहा १५०० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, पण ती बाईच्या स्वतःच्या खात्यात येते आणि घरात तिचं बोलणं ऐकलं जायला लागतं.

हे करताना लक्षात येईल की रूढीच्या नावानं चाललेला बराचसा विरोध खरं तर मिळकतीवरच्या हक्कापायी असतो. आपल्या जिल्ह्यातलं मोठं उदाहरण पंढरपूरचं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दलितांना विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. तिथे वाद धर्माचा होता, तो दहा दिवसांत मिटला असं वरवर दिसतं. पण त्याआधी गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर फिरले होते. गावोगावची मंदिरं, विहिरी आधी उघडल्या गेल्या आणि मग पंढरपूरची पाळी आली. याच मंदिरातले बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढण्याचा कायदा १९७३ चा. त्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला तो जानेवारी २०१४ मध्ये. चाळीस वर्षं. जिथे उत्पन्न आणि हक्क अडकलेला असतो तिथे प्रवचनानं काही होत नाही, तिथे कागद आणि कोर्टच लागतं. जिथे फक्त श्रद्धा किंवा लाज अडकलेली असते तिथे कागद दाखवून उपयोग नाही, तिथे माणसं लागतात. तुमच्या गावात कोणत्या घरात काय अडकलंय याची यादी सभेआधी मनाशी तयार ठेवा.

तिसरा विरोध गटाचा. तो ठरावाला नसतो, ठरावाच्या श्रेयाला असतो. यावर उपाय ठरलेला आहे: ठराव एका पॅनेलच्या बाईनं मांडायचा आणि दुसऱ्या पॅनेलच्या बाईनं अनुमोदन द्यायचं. सरपंचांनी सूचक व्हायचं नाही. बॅनरवर कोणत्याही पक्षाच्या नेत्याचा फोटो नको. खरं तर बॅनरच नको. ग्रामपंचायत, सोसायटी किंवा कारखान्याची निवडणूक तीन-चार महिन्यांवर असेल तर ठराव निवडणुकीनंतर घ्या. एवढं थांबणं परवडतं. निवडणुकीच्या धामधुमीत एकदा पडलेला ठराव मात्र पुढची पाच वर्षं कोणी हातात घेत नाही.

चौथा विरोध मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "बदल व्हावा, पण घाई नको, एक काढलं की सगळंच सुटत जातं" असं प्रामाणिकपणे म्हणणारी ही माणसं. खऱ्या अर्थानं परंपरावादी हीच. त्यांचं म्हणणं असं असतं की चालीरीती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या असतात, त्यांतली कोणती वीट काढल्यावर कोणती भिंत पडेल हे आधी कळत नाही. हे म्हणणं टाकाऊ नाही. अशा माणसांमुळेच कायदे नेमके होतात. जादूटोणाविरोधी कायद्याचं विधेयक वर्षानुवर्षं रखडलं, त्याला वारकऱ्यांमधून मोठा विरोध होता. वारी, कीर्तन हे गुन्हे ठरतील अशी भीती होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर लगेच अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. वारी, यात्रा, परिक्रमा, भजन-कीर्तन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात कलमच घातलेलं आहे. ते कलम या विरोधातून आलं आणि त्यामुळे कायदा पक्का झाला. तुमच्या ठरावातही असं एक वाक्य हवं. ते पुढे देतो.

मात्र ‘घाई नको’ला मर्यादा आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, १० वरून १२ केलं, तेव्हा टिळकांचा मुख्य आक्षेप असा होता की परक्या सरकारच्या कायद्यानं सुधारणा नको, समाजानं ती आपणहून करावी. आगरकरांचं म्हणणं होतं की समाज आपणहून करत नाही म्हणूनच कायदा हवा. पुढे काय झालं ते समोर आहे. मुलींच्या लग्नाचं वय १४ करायला १९२९ चा शारदा कायदा लागलाच. तेव्हा माझं मत असं की जिथे एखाद्या जिवाला आत्ता इजा होते आहे, जसा बालविवाह, जशी वाळीत टाकण्याची धमकी, तिथे मनं वळवत बसायचं नाही, तक्रार करायची. कुंकू आणि हळदी-कुंकू यांत मनं वळवायला वेळ आहे.

पण टिळकांच्या त्याच काळातल्या भूमिकेतला एक भाग उचलण्यासारखा आहे. जे सुधारणेच्या बाजूनं बोलतात त्यांनी आधी स्वतःला नियमानं बांधून घ्यावं, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांच्या सूचनांत मुलीचं लग्न १६ च्या आधी न करणं, विधवांचं केशवपन न करणं अशा अटी होत्या. करमाळ्याचं प्रतिज्ञापत्र हे त्याच वाटेवरचं. म्हणून ग्रामसभेच्या आधी महिनाभर गावातून पुरुषांची प्रतिज्ञापत्रं गोळा करा. मजकूर तीन ओळींचा: माझ्या पश्चात माझ्या पत्नीचं कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी कोणी काढू नयेत; तिला कोणत्याही कार्यक्रमातून वगळू नये; माझ्या मिळकतीतल्या तिच्या हिश्श्यावर कोणी दबाव आणू नये. खाली सही, दोन साक्षीदार. साक्षीदारांत एक सख्खा भाऊ हवाच. साध्या कागदावर असलं तरी चालतं, कारण याचं बळ कायद्यात नाही, मयताच्या शब्दात आहे. "गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा" मोडायला गावातला सगळ्यात कर्मठ माणूसही कचरतो. परंपरेच्याच हातानं परंपरा वळवायची ती अशी. पंधरा-वीस प्रतिज्ञापत्रं झाली, आणि त्यांत दोन्ही गटांतले, कानडी-मराठी दोन्ही घरांतले पुरुष असले, तर ग्रामसभेत बहुमताची चिंता राहत नाही.

आता ठरावाचा मजकूर. बहुतेक ठिकाणी ‘प्रथा बंद करण्यात येत आहे’ असं लिहितात. हेरवाडला ते शोभलं, कारण तिथून सुरुवात होती. तुमच्यासारख्या गावात ‘बंदी’पेक्षा ‘सक्ती नाही’ हा शब्द टिकतो. यावर सुधारक मैत्रिणी म्हणतील की दुःखात बुडालेल्या बाईची मर्जी ही मर्जीच नव्हे, भोवतालच्या बायका तिच्याकडून हो म्हणवून घेतील. बरोबर आहे. म्हणून मजकुरात दोन कुलपं घालायची: दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आणि दिवसकार्य होईपर्यंत तिला विचारायचंसुद्धा नाही. असा ठेवा:

"पतीच्या निधनानंतर कोणत्याही स्त्रीचे कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या व जोडवी दुसरी कोणतीही व्यक्ती पुसणार, काढणार किंवा फोडणार नाही. दिवसकार्य पूर्ण होईपर्यंत तिला याबाबत विचारणाही केली जाणार नाही. त्यानंतर काय करावे हे ती स्वतः ठरवील. पतीच्या निधनाच्या कारणावरून कोणत्याही स्त्रीला ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी, बचत गट व गावच्या यात्रा-उत्सवातील कोणत्याही मानापासून वगळले जाणार नाही. घरगुती कार्यक्रमांतही तसे करू नये, असे ही ग्रामसभा आवाहन करते. अंत्यविधी, दशक्रिया, श्राद्ध, जंगमांची पूजा, इद्दत व इतर धार्मिक विधींना हा ठराव लागू नाही."

‘वगळले जाणार नाही’ आणि ‘आवाहन करते’ यांतला फरक मुद्दाम आहे. कोणी आपल्या घरी कोणाला बोलवावं हे ग्रामसभा ठरवू शकत नाही. ते ठरवायला गेलात की विरोधकांना बोलायला जागा मिळते. इद्दतीचा उल्लेख गावातल्या मुस्लिम घरांसाठी. ती ४ महिने १० दिवसांची धार्मिक मुदत आहे, आपल्या विषयाशी तिचा संबंध नाही, आणि तसं लिहून टाकलं की शंका उरत नाही.

ठरावात दंड घालू नका. हा मोह प्रत्येक गावाला होतो, "मोडेल त्याला ५००० रुपये" वगैरे. चालीरीतींवरून दंड करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. आणि "जो मोडेल त्याच्याकडे कोणी जायचं नाही" असं लिहिलंत तर तुम्हीच सामाजिक बहिष्कार घातल्यासारखं होतं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो कायदा सुधारकाला वेगळी सूट देत नाही. उलट ठराव मांडणाऱ्या बाईच्या घराशी कोणी बोलणं, दळण, पाणी, मजूर बंद करायला लागलं तर हाच कायदा तिच्या कामाचा आहे. तारीख, वेळ, कोणी काय म्हटलं हे वहीत लिहून ठेवायचं आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची.

ठरावात दुसरा विषयही घालू नका. एकदा माणसं जमली की कोणी म्हणतं पुनर्विवाह घ्या, कोणी हुंडा, कोणी डीजे. महर्षी कर्व्यांची गोष्ट इथे उपयोगी आहे. त्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं आणि मुरूडला त्याबद्दल बहिष्कार सोसला. पण विधवांसाठी आश्रम काढताना त्यांनी तो पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणूनबुजून वेगळा ठेवला, म्हणून ज्यांना पुनर्विवाह मान्य नव्हता त्यांनीही आश्रमाला पैसे दिले आणि मुली पाठवल्या. एक ठराव, एक विषय.

ग्रामसभेची रीत काटेकोर पाळा, कारण विरोधक आधी तिथेच बोट ठेवतात. प्रत्येक सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती अनेक गावांत कागदावरच होते. तुम्ही ती खरी घ्या, दुपारी दोनच्या सुमारास, शेतातून आणि विडीच्या कामातून बायका मोकळ्या असतात तेव्हा. ठराव आधी तिथे घ्या आणि तो मुख्य सभेपुढे ठेवा. हेरवाडलाही ठराव मांडणारी आणि अनुमोदन देणारी दोघी स्त्रियाच होत्या. नोटीस ७ दिवस आधी, विषयपत्रिकेत विषय स्पष्ट शब्दांत; ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकलू नका. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना गणपूर्ती लागत नाही, पण ती पळवाट या ठरावासाठी वापरू नका. पंधरा माणसांनी केलेला असा ठराव कोणी मानत नाही.

ठराव मराठीत आणि कानडीत दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचा. सवाष्णीला कानडीत मुत्तैदे म्हणतात, सोलापूर शहरातल्या तेलुगू घरांतही जवळपास तोच शब्द आहे. ज्या बाईच्या मनात हा विषय ‘मुत्तैदे’ या शब्दानं बसलेला आहे तिला ‘सौभाग्यालंकार’ ऐकून काही होत नाही. इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, हजेरी आणि विरोधी मत असेल तर तेही नोंदवून घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकांच्या) सहीची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला द्या.

इथवर अनेक गावं येतात. फोटो छापून येतो. मग दोन महिन्यांनी गावात पहिला मृत्यू होतो आणि सगळं पूर्वीसारखंच होतं. कारण ठराव ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो आणि प्रसंग असतो अंगणात. तो प्रसंग जवळून बघा. तिरडी उचलायच्या आधी बाईला शेवटचं दर्शन घ्यायला आणतात. दोघी तिला दंडाला धरून असतात. तिसरी, बहुतेक भावकीतली वयस्कर विधवा, पुढे होते, कपाळावरून पदराचा शेव फिरवते आणि मनगट उंबऱ्यावर किंवा पाटावर टेकवून बांगड्या फोडते. सगळं मिनिटाभरात होतं. काही घरांत हे नदीवर होतं, काही घरांत दहाव्याला किंवा त्यानंतर. त्या एका मिनिटाला जी बाई पुढे होते, तिच्याशी आधी बोलणं झालेलं असलं पाहिजे. ती दुष्ट नसते. ‘कोणीतरी करायचं असतं’ म्हणून करते, आणि "तू करू नकोस, गावानं ठरवलंय" असं कोणी म्हटलं तर पुष्कळदा तिलाच सुटल्यासारखं होतं.

म्हणून ठरावानंतर आठवडाभरात वाडीवस्तीप्रमाणे प्रत्येक भावकीतून तिघं ठरवा: दोन वयस्कर बायका आणि एक मानाचा पुरुष. मृत्यूची बातमी कळल्यापासून तासाभरात ते त्या घरी पोचले पाहिजेत. भाषण नाही, ठरावाची प्रत नाही. एकीनं बाईच्या शेजारी बसायचं आणि उठायचं नाही. दुसरीनं घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या कानात सांगायचं. पुरुषानं मोठ्या दिराला बाजूला घ्यायचं आणि प्रतिज्ञापत्र असेल तर त्याची आठवण द्यायची. सदस्याबाईंनी स्वतः त्या वेळी पुढे होऊ नये, नाहीतर ‘राजकारण घरात आणलं’ हे ऐकावं लागतं. भटजी, जंगम स्वामी, गुरव, न्हावी यांना आधीच भेटून ठेवा. त्यांचा कोणताही विधी किंवा दक्षिणा यात जात नाही हे सांगितलं की ते सहसा आड येत नाहीत. स्वामींनी एक वाक्य बोललं तर तुमच्या दहा बैठका वाचतात.

दुसरी परीक्षा संक्रांतीची, सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली असते तेव्हाची. इथे बहुतेक जण एक चूक करतात: विधवांसाठी वेगळं हळदी-कुंकू ठेवतात, त्यांना स्टेजवर बसवतात, साडी देतात आणि फोटो काढतात. वेगळं बसवलं की वगळणंच झालं. नेहमीचं हळदी-कुंकू ठेवा, एकाच रांगेत सगळ्यांना बोलवा आणि ताटात हळद, कुंकू, तिळगूळ, वाण सगळं ठेवून बाईनं आपल्या हातानं हवं ते घ्यावं अशी पद्धत पहिल्या वर्षी ठेवा. जिला कुंकू नको ती नुसती हळद घेईल, कोणी तिळगूळच घेईल. दुसऱ्याच्या कपाळाला बोट लावायची वेळच आली नाही की संकोच निम्मा होतो. ओटी आणि वाण मात्र सगळ्यांचं सारखं.

शब्दांचंही बघा. एप्रिल २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याची सूचना आली तेव्हा राज्यभर नाराजी उमटली, कारण ‘गं. भा.’ ही जुनी खूणच अनेक बायकांना नको झाली होती. नवीन नाव शोधत बसू नका. गावातल्या लग्नपत्रिका ज्या दोन-तीन छापखान्यांत जातात तिथे सांगून ठेवा, आणि ग्रामपंचायतीच्या निमंत्रणांत, शाळेच्या पत्रांत सगळ्याच बायकांच्या नावापुढे ‘श्रीमती’ लावा. ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही वाटणी कागदावरून गेली की बोलण्यातूनही हळूहळू जाते.

शेवटची गोष्ट वहीची. महिला ग्रामसभेच्या वहीत मागचं एक पान राखून ठेवा. गावात पुरुषाचा मृत्यू झाला आणि मागे पत्नी असली की एक ओळ: तारीख, तिघं पोचले का, हात लावला गेला का, वारस नोंदीचा अर्ज कधी दिला, फेरफार कधी मंजूर झाला, अनुदानाचा अर्ज झाला का. बाईचं नाव लिहू नका, घर क्रमांक पुरे. दर महिला ग्रामसभेत ते पान वाचायचं. ज्या ओळीत फेरफाराचा रकाना तीन महिन्यांनंतरही कोरा दिसेल त्या घरी त्याच आठवड्यात जा, आणि जाताना ग्राम महसूल अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन जा.